बांद्याच्या वेशीवरचे भांडखोर सोबती

१५ ऑगस्ट १९५५ हा सोमवार होता. अमावास्या दोन दिवसांवर होती आणि पुढे अधिक भाद्रपद लागणार होता, म्हणजे तो श्रावणातला शेवटचा सोमवार. पंचांग हेसुद्धा इतिहासाचं साधन आहे. बातम्या देणारे आणि आठवणी लिहिणारे हवामानाबद्दल सहसा गप्प राहतात, पण श्रावण म्हटल्यावर बांद्याची ती सकाळ कशी असेल हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तेरेखोलच्या पात्रात गढूळ पाणी, भाताच्या खाचरांतून गुडघाभर चिखल, चिऱ्याच्या गडग्यांवर शेवाळ. एरवी हा दिवस उपासाचा आणि बांदेश्वराला जाऊन यायचा. त्या वर्षी गावाच्या वाटेनं परक्या मुलखातली माणसं दक्षिणेकडे निघाली होती. चालत तासा-दीड तासावर पत्रादेवी. तिथून पुढे पेडणे महाल, म्हणजे गोवा, म्हणजे पोर्तुगालचं राज्य.

त्या सकाळचा गोळीबार महाराष्ट्राला ठाऊक आहे, पाठ्यपुस्तकांतून दोन ओळींत तो येऊनही जातो. माझं लक्ष त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कागदांकडे आहे. त्या वाटेनं जी माणसं गेली, ती एरवी एकमेकांच्या सभा उधळणाऱ्या पक्षांतली होती. ती एका रांगेत कशी आली, आणि रांग मोडल्यावर एकमेकांशी कशी वागली, हे जुळवून पाहण्यासारखं आहे. ‘सर्वपक्षीय’ हा शब्द आज इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यामागे कधीकाळी किती कडू आवंढे गिळले गेले होते हे ध्यानात येत नाही.

आधी जागा समजून घेऊ. बांदा हे १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानातलं गाव. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि बांदा रत्नागिरी जिल्ह्यात आलं. सिंधुदुर्ग जिल्हा व्हायला १९८१ उजाडायचं होतं. त्याआधी शेकडो वर्षं सावंतवाडीकर आणि पोर्तुगीज यांची हद्द इथल्या रानांतून पुढे-मागे सरकत आलेली. पेडण्यात सोयरिकी, जत्रा, देवस्थानं. पलतडची माणसं परकी नव्हती, राज्य परकं होतं. त्यामुळे गोव्यात शिरायच्या ज्या वाटा सत्याग्रहींनी धरल्या, त्यांत बांद्याची वाट ही सर्वांत उघडी आणि सर्वांत सोपी. आणि सोपी म्हणूनच पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, बंदुका तिच्यावर आधीच रोखलेल्या.

आता माणसं. गोव्यात सत्याग्रहींच्या तुकड्या पाठवण्यासाठी पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. अध्यक्ष केशवराव जेधे, चिटणीस जयंतराव टिळक. ही दोन नावं एका पत्रकाखाली शेजारी-शेजारी येतात तिथे पुण्याचा इतिहास माहीत असलेला वाचक थबकतोच. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ निघालं. लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर त्यात जी भाषा वापरली होती ती आजच्या समाजमाध्यमांनाही लाजवील. त्या पुस्तकापायी जो खटला झाला त्यात जवळकरांबरोबर केशवराव जेधेही आरोपी होते, आणि अपिलात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. जेधे मॅन्शन आणि गायकवाड वाडा ही त्या काळच्या पुण्यातली दोन टोकं. एक ब्राह्मणेतरांचं, दुसरं टिळकांचं. जयंतराव हे त्याच लोकमान्यांचे नातू, आणि राजकारणानं हिंदुमहासभेचे.

अर्थात कागद नीट वाचले तर या दोन टोकांमधला दोर आधीच बांधलेला दिसतो. जयंतरावांचे वडील श्रीधरपंत टिळक हे आंबेडकरांचे स्नेही. १९२८ मध्ये त्यांनी गायकवाड वाड्यातच समाज समता संघाचं सहभोजन घडवून आणलं, आणि त्याच वर्षी आयुष्य संपवलं. जेध्यांनीही १९५५ पर्यंत वळण घेतलं होतं. ते काँग्रेसमध्ये गेले, पुढे बाहेर पडून शेतकरी कामगार पक्ष काढला आणि १९५४ मध्ये पुन्हा काँग्रेसमध्ये परतले. म्हणजे १९५५ च्या समितीचा अध्यक्ष सत्ताधारी काँग्रेसचा होता आणि ज्या सरकारवर समिती तोफा डागत होती, ते सरकारही काँग्रेसचंच. असली विसंगती खपवून घेणं ही त्या समितीची पहिली करामत.

बाकीचे पक्ष पाहा. प्रजासमाजवादी पक्षातर्फे नानासाहेब गोरे आणि एस. एम. जोशी. कम्युनिस्टांतर्फे पुण्याचे विष्णुपंत चितळे. जनसंघाचे जगन्नाथराव जोशी. समाजवाद्यांनी १९४२ मध्ये भूमिगत राहून चळवळ चालवली. कम्युनिस्टांनी त्याच युद्धाला लोकयुद्ध म्हटलं आणि ‘चले जाव’ला विरोध केला. हिंदुमहासभाही ४२ पासून लांब राहिली. या गोष्टीला तेव्हा तेरा वर्षं झाली होती, आणि राजकारणात तेरा वर्षं म्हणजे काल-परवा. दुसरी जखम तर आणखी ताजी. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली होती, महाराष्ट्रात घरं जळली होती. त्यानंतर सात वर्षांनी गांधींच्या मार्गानं सत्याग्रह करायला संघाच्या मुशीतली माणसं आणि सेवादलातली माणसं एका समितीच्या यादीवर होती. कुणाचंही हृदयपरिवर्तन झालेलं नव्हतं. पुढच्या निवडणुकांतली भाषणं काढून वाचा, शंका उरणार नाही.

पण सर्वांत अवघड भांडण उजव्या-डाव्यांतलं नव्हतंच. भाऊबंदकीच अवघड असते. १९५५ च्या जानेवारीत आवडी इथे काँग्रेसनं ‘समाजवादी धर्तीच्या समाजरचने’चा ठराव केला आणि प्रजासमाजवादी पक्षात वणवा लागला. काँग्रेसशी सहकार्य करावं असा एक सूर, त्याला आग लावा असा दुसरा. दुसऱ्या सुरातले पुढारी डॉ. राममनोहर लोहिया, आणि त्यांचे तरुण शिष्य मधू लिमये. अशोक मेहतांच्या धोरणावर उघड टीका केल्यावरून मुंबईच्या पक्षशाखेनं लिमयांना निलंबित केलं. प्रकरण चिघळत गेलं आणि जुलैत लोहियांवरही निलंबनाची कारवाई झाली. वर्ष सरता-सरता लोहियांनी हैदराबादला वेगळा समाजवादी पक्ष काढला.

आता हीच १९५५ ची दिनदर्शिका गोव्याच्या बाजूनं वाचा. १८ मे रोजी नानासाहेब गोरे पहिली मोठी तुकडी घेऊन गोव्यात शिरले. बरोबर पंचाहत्तरीला आलेले सेनापती बापट. गोऱ्यांना अटक झाली. जुलै संपता-संपता मधू लिमये आपली तुकडी घेऊन शिरले, मार खाल्ला, पकडले गेले. म्हणजे ज्या महिन्यात पक्षाच्या बैठकीत गोऱ्यांचा पक्ष लिमयांच्या गुरूला बाहेरची वाट दाखवत होता, त्याच महिन्यात लिमये गोऱ्यांच्या मागोमाग गोव्याच्या तुरुंगात जाऊन पोचले होते. गोव्याचा प्रश्न ‘आमचा’ म्हणावा असा हक्क दोघांकडेही होता. १८ जून १९४६ ला मडगावच्या मैदानात लोहियांनीच हा विषय पेटवला होता. तेव्हा ‘गोवा आमच्या गटाचा’ म्हणून वेगळी समिती, वेगळी तुकडी, वेगळी वाट काढता आली असती. आपल्याकडे दहीहंडीसुद्धा दोन निघतात. इथे तसं झालं नाही.

मग १५ ऑगस्ट. स्वातंत्र्यदिनी एकाच वेळी सहा ठिकाणांहून गोव्यात शिरायचं ठरलं. एकूण माणसं तीन ते पाच हजार. मेलेल्यांचा आकडा साधनागणिक बदलतो: कुठे एकवीस, कुठे बावीस, कुठे तीस. याचं कारण समजण्यासारखं आहे. मोजणी कुठल्या दिवशी केली, जखमी होऊन नंतर दगावलेले धरले की नाही, रानात पडलेले कुणी उचलले, यावर आकडा ठरतो. पोर्तुगीज पत्रकं आकडा खाली ओढणार, भारतीय पत्रकं वर. होमर जॅक नावाच्या अमेरिकी पाद्र्यानं त्या दिवसांवर ‘इनसाइड गोवा’ ही पुस्तिका लिहिली. परदेशी माणसाची साक्ष म्हणून ती वजनदार आहे, पण ती छापली भारत सरकारच्या माहिती खात्यानं, हेही मुखपृष्ठाइतकंच नीट वाचायला हवं. निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या याबद्दल मात्र साधनांत मतभेद नाही.

बांदा-पत्रादेवीच्या वाटेवर काय घडलं ते आठवणींतून असं जुळतं. तुकडीच्या पुढे विष्णुपंत चितळे होते. हद्द ओलांडल्यावर गोळीबार सुरू झाला. चितळे गोळीच्या टप्प्यात आहेत असं पाहून मागच्या रांगेतून एक शीख तरुण पुढे धावला. कर्नैलसिंग बेनीपाल, पंजाबातल्या खन्नाजवळच्या इसडू गावचा, वय पंचविशीचं. तो जागीच ठार झाला. मध्य प्रदेशातल्या सागरहून आलेल्या सहोदराबाई राय तिरंगा घेऊन पुढे होत्या. गोळ्या त्यांनाही लागल्या, पण त्या वाचल्या. कर्नैलसिंगाच्या तोंडी नंतरच्या लेखकांनी जी वाक्यं घातली आहेत ती मी इथे देत नाही. गोळीबाराच्या आवाजात, पावसात, पंजाबी बोलणाऱ्या तरुणाचं वाक्य पुण्याच्या माणसानं शब्दशः टिपून ठेवलं असेल यावर इतिहासाच्या विद्यार्थ्यानं विश्वास ठेवू नये. तो पुढे आला एवढं पुरे आहे.

इथे थोडं थांबून रांग पाहिली पाहिजे. पुढे पुण्याचा ब्राह्मण कम्युनिस्ट. त्याच्यापुढे येऊन मरणारा पंजाबातला शेतकऱ्याचा पोर. झेंडा हातात घेतलेली बुंदेलखंडातली बाई, जी दोनच वर्षांनी काँग्रेसच्या तिकिटावर सागरहून लोकसभेत निवडून आली. मागून रसद, माणसं आणि पैसा पाठवणाऱ्या समितीचा चिटणीस हिंदुमहासभेचा. ज्या गावातून ते निघाले तिथल्या लोकांना यांतल्या एकाचीही भाषा धड ओळखीची नाही. चितळ्यांची पुणेरीसुद्धा बांद्यात परकीच. आणि आठवणींत झेंडा येतो तो तिरंगाच. विळा-हातोडा नाही, दिवा नाही, भगवा नाही.

हे आपोआप झालं असं मानायला मी तयार नाही. झेंडा कुठला न्यायचा यावर भांडणं झाल्याशिवाय आपल्याकडे गणपतीची मिरवणूकही निघत नाही. काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवता आलं कारण मागणं अगदी लहान होतं. पोर्तुगीज जावेत, हत्यार उचलायचं नाही. बस. गोवा सुटल्यावर तो महाराष्ट्रात यावा की नाही, तिथली जमीन कुळांची की भाटकारांची, नेहरूंचं परराष्ट्र धोरण शहाणपणाचं की भेकडपणाचं, यातल्या एकाही प्रश्नावर या मंडळींचं एकमत नव्हतं, आणि ते व्हावं असा हट्टही कुणी धरला नाही. एकमताचा आव आणायला कुणी सांगितलं नाही, म्हणून सहकार्य टिकलं.

टिकलं, पण फार दिवस नाही. १ सप्टेंबरला भारतानं गोव्यातली आपली वकिलात बंद केली. त्याच महिन्यात काँग्रेस पक्षानं सामुदायिकच नव्हे तर व्यक्तिगत सत्याग्रहालाही नकार दिला आणि भारत सरकारनं हद्दीवरची वाट अडवली. नेहरूंची अडचण खोटी नव्हती. जगभर शांततेचं बोलणारा पंतप्रधान आपल्याच हद्दीवरून माणसांना गोळ्यांच्या तोंडी जाऊ देतो, ही गोष्ट त्यांना परवडणारी नव्हती. विरोधकांचा संतापही खोटा नव्हता. एवढी माणसं मेली आणि दिल्लीनं दार लावून घेतलं. बांद्याच्या बाजारातली वर्दळ ओसरली. उरली नाकेबंदी आणि तिच्या पोटात चालणारी चोरटी ये-जा.

तुरुंगात मात्र समितीची रांग तशीच राहिली होती. गोरे, लिमये, जगन्नाथराव जोशी आणि बंगालमधल्या बहरामपूरचे खासदार त्रिदिब चौधरी. चौधरी हे क्रांतिकारी समाजवादी पक्षाचे. भारताच्या लोकसभेचा विद्यमान सदस्य परक्या राज्याच्या तुरुंगात, ही स्थिती संसदेच्या इतिहासात विरळाच. लष्करी न्यायालयानं लिमयांना बारा वर्षांची शिक्षा सुनावली. प्रत्यक्षात १९५७ च्या फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली. लिमयांची तुरुंगातली रोजनिशी त्यांच्या निधनानंतर छापली गेली.

ही माणसं आत असताना बाहेर महाराष्ट्रात उलथापालथ होत होती. १९५६ च्या जानेवारीत मुंबईत गोळीबार झाले. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्या बैठकीचे धुरीण पुन्हा केशवराव जेधे. गोवा विमोचनाची समिती आणि ही समिती यांतली माणसं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तर पहिली ही दुसरीची तालीम होती असं म्हणता येतं. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, हिंदुमहासभा, जनसंघ यांना एका टेबलाशी बसायची सवय आधी गोव्यापायी लागली. मग १९५७ च्या निवडणुकीत तुरुंगातून नुकतेच सुटलेले गोरे पुण्यात उभे राहिले आणि त्यांनी काकासाहेब गाडगीळांना पाडलं. राजापूर मतदारसंघातून, म्हणजे बांद्याच्याच खासदारकीच्या जागेवर, वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. आणि केशवराव जेधे? ते समिती सोडून काँग्रेसच्या तिकिटावर बारामतीतून लोकसभेत गेले. समितीवाल्यांना ते किती झोंबलं असेल! तरी त्याच लोकसभेच्या यादीत गोरे, नाथ पै, जेधे, चौधरी आणि सहोदराबाई एकत्र सापडतात. बाकं वेगळी.

नाथ पैंचं नाव आलं, तर दहा वर्षं पुढे जाऊ. कोकणात त्यांच्याबद्दल आठवणी सांगणारे खूप, आणि आठवणींत माणूस देवासारखा होतो. मी त्यांच्या एका कोरड्या कागदाकडे बोट दाखवतो. २७ फेब्रुवारी १९६७ ला सर्वोच्च न्यायालयानं गोलकनाथ खटल्यात निकाल दिला की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. ७ एप्रिलला नाथ पैंनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं: हा अधिकार संसदेला परत मिळावा. विधेयक विरोधी बाकावरच्या माणसाचं, आणि त्याला पाठिंबा काँग्रेसच्या सरकारचा. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. विरोधात जे जोरानं उभे राहिले त्यांत अग्रभागी लोहिया आणि मधू लिमये. बहुमताच्या हाती नागरिकांचे हक्क सोपवायचे का, हा त्यांचा सवाल. लोकांनी निवडलेल्या संसदेचे हात न्यायालयानं कायमचे बांधायचे का, हा नाथ पैंचा.

त्या चौथ्या लोकसभेत लिमये मुंगेरहून आले होते, जगन्नाथराव जोशी जनसंघातर्फे भोपाळहून, त्रिदिब चौधरी बहरामपूरहून. गोव्याच्या तुरुंगातले तिघे, तीन पक्षांचे, तीन प्रांतांतले. आणि ज्या वेशीवरून ही सगळी कथा सुरू झाली त्या वेशीचा खासदार समोर, ज्याच्या विधेयकाला जुना समाजवादी भाऊच आडवा येतोय आणि जुना शत्रू काँग्रेस खांदा देतोय. लोकसभेच्या कामकाजाचे खंड चाळणाऱ्याला इथे एक गोष्ट जाणवते. वाद आहे तो कलमांचा, सार्वभौमत्वाच्या अर्थाचा. ‘तुम्ही फुटीर’, ‘तुम्ही सरकारचे हस्तक’ एवढंच म्हणून वेळ भागवता आली असती, पक्षफुटीचा राग तोवर विझला नव्हता.

विधेयक पास झालं नाही. सरकारचा उत्साह मावळत गेला, चर्चा पुढे ढकलली जात राहिली, आणि २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाल्यावर ते बुडालं. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ ला, नाथ पै बेळगावला वारले. वय अवघं अठ्ठेचाळीस. मार्चच्या निवडणुकीत इंदिरा लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसनं नेल्या, पण राजापूरनं नाथ पैंच्याच पक्षाचे मधू दंडवते निवडून दिले. नोव्हेंबरमध्ये चोविसावी घटनादुरुस्ती झाली. नाथ पैंना हवं होतं ते त्यांच्या मागे त्यांच्या विरोधी पक्षानं केलं. पुढे आणीबाणीत त्या अधिकाराचं काय झालं ते पाहिलं, की लिमयांच्या भीतीलाही दाद द्यावी लागते. लिमये आणि दंडवते तेव्हा दोघेही तुरुंगात होते.

याच काळातला आणखी एक कागद मला फार आवडतो. सांगलीचे मोहन रानडे, सावरकरांच्या विचारांचे, आझाद गोमंतक दलाचे. बेती पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये सुटला तरी रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातच. त्यांच्यासाठी इथे गायक सुधीर फडके धडपडत होते. आणि पोपकडे शब्द टाकला कुणी? द्रमुकचे, देव-धर्म न मानणाऱ्या परंपरेतले, तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी. १९६८ मध्ये ते पोप सहावे पॉल यांना भेटले तेव्हा त्यांनी रानड्यांच्या सुटकेची विनंती केली. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. सावरकरवाद्यासाठी द्रविड पुढारी कॅथलिक धर्मगुरूकडे रदबदली करतो, हे कादंबरीत घातलं असतं तर संपादकानं कापलं असतं.

आता परत बांद्याला येऊ, कारण हद्दीचा प्रश्न तसाच राहिला होता. गोवा सुटल्यावर पत्रादेवीची रेघ का ठेवायची, असं बांद्यातल्या बहुतेकांना वाटत होतं. पलीकडे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आणि त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या बाजूचा. विरोधात जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष. विधानसभेत बहुमत बांदोडकरांचं, ठराव करून मोकळं होता आलं असतं. विरोधकांचा आग्रह होता की लोकांना विचारा. संसदेनं १९६६ च्या अखेरीस तसा कायदा केला. पण सत्तेवर बसलेला पक्षच कौलातली एक बाजू असेल तर कौल निःपक्षपाती कसा होणार, हा पुढचा आक्षेप. त्यावर बांदोडकरांनी डिसेंबरमध्ये सरकारचा राजीनामा दिला आणि राज्यकारभार राष्ट्रपती राजवटीकडे गेला. मुख्यमंत्र्यानं आपल्याच बाजूला झुकतं माप मिळू नये म्हणून खुर्ची सोडली, हे वाक्य मी दोनदा तपासून लिहितो आहे.

प्रचार सौम्य होता असं मुळीच नाही. विलीनीकरणाच्या बाजूनं ‘गोमन्तक’, विरोधात ‘राष्ट्रमत’, दोन्ही दैनिकं मराठी. महाराष्ट्रात जाऊ नका हे मराठीतून पटवलं जात होतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: विलीनीकरणासाठी फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. एकूण ३,१७,६३३ मतं पडली. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. बाद मतं ७,२७२. फरक ३४,०२१ चा. बांद्याच्या मनासारखं झालं नाही. बांदोडकरांच्या तर नाहीच नाही.

पण त्यांनी निकाल मानला. आणि दोन-अडीच महिन्यांत जी विधानसभेची निवडणूक झाली तिच्यात गोव्याच्या मतदारांनी बांदोडकरांच्याच पक्षाला १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवलं. ज्यांनी त्यांचं मुख्य मागणं फेटाळलं, त्यांच्यातल्याच काहींनी कारभाराला तेच बरे असं ठरवलं. दोन पानांच्या पक्षाला १२ जागा मिळाल्या आणि तो विरोधात बसला.

म्हणून पत्रादेवीला आजही नाका आहे. बांद्याहून म्हापशाला कामाला जाणारी पोरं सकाळी दुचाकीवरून तो ओलांडतात, पलीकडचे लोक बांद्याच्या बाजाराला येतात, दारूच्या बाटल्यांसाठी पोलीस परतणाऱ्या गाड्यांच्या डिक्क्या उघडायला लावतात. हुतात्म्यांचं स्मारक तिथेच रस्त्यालगत आहे. १५ ऑगस्टला सकाळी तिथे झेंडावंदन होतं. गोव्यात सरकार कुठल्याही पक्षाचं असो, त्या दिवशी फुलं वाहायला कुणी ना कुणी येतं, आणि बांद्याकडूनही माणसं जातात. पाऊस असतोच.